मोराची मान का ताठरली? यंत्रभरतकामाच्या फाइलमागचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/
लग्नाला चार दिवस उरले होते. पैठणीवरच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्यांवर मोर हवा होता. माझ्या परिचयातल्या, शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी मोराची तयार फाइल विकत घेतली. मोर बाहीच्या मानाने मोठा, म्हणून संगणकावरच्या एका साध्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी तो ६० टक्क्यांवर आणला. यंत्राने पिसारा कसाबसा निभावला. मानेपाशी मात्र धागा वारंवार तुटू लागला आणि शेवटी सुईच मोडली. फ्रेममधून काढलेल्या बाहीवर मोराची मान पुठ्ठ्यासारखी ताठ झाली होती.

२/
यंत्र नवे होते, धागा चांगला होता, हातही सराईत होता. मग चुकले काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि जपान असा प्रवास करावा लागतो. भरतकामाच्या फाइलविषयीच्या नेहमीच्या तक्रारी आपण जाणतो: रंग भलतेच दिसतात, धागे लोंबत राहतात, यंत्राला फाइल दिसतच नाही, नक्षी आखडते, कड सुटते. यांतील बहुतेक तक्रारींची मुळे संगणकाच्या जन्माआधीच्या काळात आहेत. आजचा धागा त्यांविषयी.

३/
सुरुवात एका शब्दापासून करू. भरतकामाच्या धंद्यात नक्षीची फाइल तयार करण्याला आजही ‘पंचिंग’ म्हणतात आणि ती तयार करणाऱ्याला ‘पंचर’. हा माणूस दिवसभर संगणकासमोर बसलेला असतो. त्याच्या टेबलावर ना छिद्र पाडण्याचे यंत्र, ना कागद. तरीही गिऱ्हाईक म्हणते, “एवढे डिझाइन पंच करून द्या.” वस्तू गेली तरी शब्द उरला. फाइलच्या आतही नेमके हेच घडले आहे. कागद गेला, पण त्याच्या मर्यादा उरल्या.

४/
यंत्राने भरतकाम करण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न अल्सेस प्रांतातील म्युलूज या गावच्या जोसुए हाइलमान यांचा, १८२८ च्या सुमाराचा. त्यांच्या यंत्रातील सुई दोन्ही टोकांना अणकुचीदार असे आणि नेढे मध्यभागी. कापडाच्या एका बाजूचे चिमटे सुई ढकलत, दुसऱ्या बाजूचे ती ओढून घेत. हाताने भरतकाम करणाऱ्या बाईची हालचालच यंत्राने उचलली होती. फरक इतकाच की, एका बाईच्या जागी सुयांची अख्खी रांग एकच टाका एकाच वेळी घालत असे.

५/
नक्षी कुठे असे? ती कारागिराच्या समोरच्या फळ्यावर, साधारण सहापट मोठी करून रेखलेली असे आणि त्या रेखाटनात प्रत्येक टाका स्वतंत्र दाखवलेला असे. कारागीर डाव्या हाताने पँटोग्राफचे टोक एका टाक्यावरून दुसऱ्या टाक्यावर नेई, उजव्या हाताने चाक फिरवी, पायांनी चिमटे उघडी आणि मिटी. टोक सहा अंगुळे सरकले की, कापडाची चौकट एक अंगुळ सरके. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे: यंत्राला चित्र कधीच कळले नाही. त्याला कळत असे ते फक्त ‘इतके डावीकडे, इतके वर’. आजच्या फाइललाही याहून फारसे जास्त कळत नाही.

६/
हे यंत्र पूर्व स्वित्झर्लंडमध्ये, सेंट गॅलनच्या परिसरात, विशेष रुजले. सुईतला धागा आखूड, म्हणून तो सारखा संपे आणि पुनःपुन्हा ओवावा लागे. ते काम बायकामुलांकडे असे. १८७७ च्या कारखाना कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात मज्जाव केला. पण घरात बसवलेले यंत्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. त्यामुळे शेतकऱ्यांच्या घरांतून लहान मुले शाळेआधी आणि शाळेनंतर सुया ओवत बसत. या उद्योगाच्या वैभवाच्या हिशेबात ही मुलेही धरली पाहिजेत.

७/
आखूड धाग्याची अडचण सोडवली ती इझाक ग्रोब्ली या स्विस गृहस्थांनी, १८६३ मध्ये. शिवणयंत्राप्रमाणे पुढून अखंड धाग्याची सुई आणि मागून होडीच्या आकाराचा छोटा धोटा अशी त्यांची रचना होती. तिथल्या बोलीत छोट्या होडीला ‘शिफली’ म्हणतात. यंत्राचे नावही तेच पडले. हे नाव आपल्याला परके नाही. साड्यांच्या दुकानात ‘शिफली वर्क’ म्हणून जे दाखवतात ते याच घराण्यातले. आपल्या आजीच्या पिढीने हौसेने शिवलेले भोकाभोकांचे ‘हकोबा’ हेही शिफली भरतकामच. मूळचे एक व्यापारी नाव पुढे कापडाचेच नाव होऊन बसले.

८/
शिफलीवरही पँटोग्राफ माणूसच फिरवत होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इझाक यांचे पुत्र जोसेफ आर्नोल्ड ग्रोब्ली यांनी तो हात काढून घेतला. लिओंच्या जोसेफ-मारी जाकार यांनी १८०४ च्या सुमारास विणकामाच्या मागासाठी छिद्रांच्या पत्त्यांची युक्ती वापरली होती. तीच आता भरतकामात आली. नक्षीचा प्रत्येक टाका छिद्रांच्या खुणेत नोंदवायचा. यंत्र ती छिद्रे चाचपत जाते आणि चौकट आपोआप सरकते.

९/
येथे एक नवा व्यवसाय जन्मला, पंचरचा, आणि एक ताटातूटही झाली. पँटोग्राफ धरणारा कारागीर कापड पाहत असे. कापड ओढले जात आहे असे दिसताच त्याचा हात किंचित आवरता होई. पंचर दुसऱ्या खोलीत, कधी दुसऱ्या गावात. कापड कसे वागेल याचा अंदाज त्याला आधीच बांधावा लागे, कारण शिफलीवर शेकडो सुया एकाच वेळी चालतात आणि एक चुकीचे छिद्र शेकडो जागी उमटते. निर्णय एकाचा आणि कृती दुसऱ्याची, ही रचना तेव्हापासूनची. आज फाइल बिघडते तेव्हा यंत्रापुढे बसलेल्या ताईंना तो निर्णय दिसतच नाही.

१०/
१९१० च्या सुमारास भरतकाम ही स्वित्झर्लंडची सर्वांत मोठी निर्यात होती. जगातील निम्म्याहून अधिक भरतकाम सेंट गॅलनच्या परिसरातून जात असे. पुढे महायुद्ध आले, वेशभूषेची रुची बदलली आणि हा डोलारा काही वर्षांतच खचला. भरतकामाच्या यंत्रांचा पुढचा महत्त्वाचा अध्याय जपानमध्ये लिहिला गेला. १९६४ मध्ये नागोयाच्या ताजिमा कंपनीने अनेक डोक्यांचे स्वयंचलित भरतकाम यंत्र बाजारात आणले. अशा यंत्रांना नक्षी पुरवण्यासाठी छिद्रांची कागदी पट्टी वापरली जाऊ लागली. आज सर्वत्र चालणारा ‘डीएसटी’ हा फाइलप्रकार या पट्टीचाच वारस. त्यातील ‘टी’ म्हणजे ताजिमा.

११/
या फाइलचे अंतरंग पाहण्यासारखे आहे. प्रत्येक टाक्यासाठी तीन ओळी, प्रत्येक ओळीत आठ छिद्रांच्या जागा, म्हणजे एकूण २४ जागा. अंतर मोजण्यासाठी १, ३, ९, २७ आणि ८१ अशी पाच वजने आणि एकक ०.१ मिलिमीटर. चाळीस किलोच्या दगडाचे चार तुकडे करून एक ते चाळीस किलोपर्यंत काहीही तोलण्याचे कोडे आपण लहानपणी सोडवले आहे. तेच गणित येथे आहे. १४ एकके सरकायचे तर २७ एका पारड्यात आणि ९, ३, १ दुसऱ्या पारड्यात. आडव्या आणि उभ्या दिशेसाठी, अधिक आणि उणे धरून, २० जागा खर्च होतात. दोन जागांवर छिद्र ठरलेलेच असते. आज्ञा देण्यासाठी उरतात फक्त दोन जागा.

१२/
पहिली तक्रार येथेच जन्मते. पाचही वजनांची बेरीज १२१, म्हणजे एका झेपेत सुई १२.१ मिलिमीटरपेक्षा पुढे जाऊ शकत नाही. त्याहून लांब जायचे तर अनेक उड्या. शिवाय धागा कापण्यासाठी या भाषेत स्वतंत्र खूणच नाही. म्हणून संकेत असा पडला की, लागोपाठ काही उड्या आल्या की, यंत्राने धागा कापावा. किती उड्या, हे यंत्राच्या सेटिंगमध्ये ठरते. फाइलमध्ये तीन उड्या आणि यंत्र पाचांची वाट पाहत असेल, तर धागा कापला जात नाही आणि एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत लोंबत राहतो. अशा वेळी फाइल बदलण्याआधी यंत्रातला हा आकडा पाहावा.

१३/
दुसरी तक्रार रंगांची. हिरवा मोर पडद्यावर गुलाबी दिसतो आणि फाइल खराब असल्याची ओरड होते. वास्तविक डीएसटीमध्ये रंग नोंदलेलाच नसतो. जुन्या यंत्राच्या डोक्याला एकच सुई असे. रंग बदलायचा म्हणजे यंत्र थांबायचे आणि कारागिराने धागा बदलायचा. म्हणून पट्टीवर ‘निळा’ किंवा ‘हिरवा’ असे कधी लिहिले गेले नाही. लिहिले गेले ते फक्त ‘थांब’. १९७३ मध्ये ताजिमाने सहा सुयांचे, आपोआप रंग बदलणारे यंत्र आणले, तरी पट्टीची भाषा तीच राहिली. पडद्यावर दिसतात ते रंग प्रोग्रॅमने मनाने भरलेले. उपाय एकच: फाइलसोबतचा रंगतक्ता जपून ठेवावा आणि त्या क्रमाने सुया लावाव्यात.

१४/
आता आकाराचा हिशेब. आठ छिद्रांच्या प्रमाणित पट्टीवर दोन ओळींतील अंतर ०.१ इंच असे. टाक्याला तीन ओळी, म्हणजे दहा हजार टाक्यांच्या नक्षीला सुमारे ७६ मीटर कागद! तीच नक्षी फाइलमध्ये जेमतेम ३० किलोबाइट जागा घेते. म्हणून फ्लॉपी आली तेव्हा कारखान्यांना हायसे वाटले असेल. फाइलच्या आरंभी ५१२ बाइटांचे एक कपाळ असते. त्यात नाव, टाक्यांची संख्या, रंगबदलांची संख्या आणि नक्षीची लांबी-रुंदी एवढेच. नावाला जागा सोळा अक्षरांची, तीही रोमन.

१५/
‘यंत्राला फाइल दिसत नाही’ ही तक्रार त्या काळातून आलेली. अनेक यंत्रे अजूनही फ्लॉपीच्या शिस्तीत वागतात. ‘नवरीचा मोर अंतिम नवा’ असे लांबलचक देवनागरी नाव त्यांना वाचता येत नाही. नाव रोमन लिपीत, आठ अक्षरांच्या आत ठेवावे. पेन ड्राइव्ह यंत्राच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीने फॉरमॅट करावा; बहुधा ती फॅट३२ असते. फाइल फोल्डरच्या आत फोल्डरमध्ये दडवू नये. झिप उघडूनच ती पेन ड्राइव्हवर घ्यावी. आणि नक्षी फ्रेमपेक्षा मोठी नाही ना, हे पाहावे. काही यंत्रे मोठी नक्षी नाकारतात, काही तर ती दाखवतही नाहीत.

१६/
पुढे यंत्र घरात आले. १९९० मध्ये जानोमेने घरगुती वापरासाठी मेमरी क्राफ्ट ८००० हे भरतकाम यंत्र काढले. इतर कंपन्याही उतरल्या. प्रत्येकीने आपली भाषा वेगळी ठेवली: ब्रदरची पीईएस, जानोमेची जेईएफ. म्हणून फाइलच्या नावामागची तीन अक्षरे खोडून दुसरी लिहिण्याचा उपाय अनेक जण करतात. तो व्यर्थ आहे. कन्नड पत्राच्या पाकिटावर ‘मराठी’ असे लिहिल्याने आतला मजकूर मराठी होत नाही. भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून योग्य प्रकारात नव्याने जतन करावी लागते.

१७/
आता मोराच्या मानेकडे येऊ. मूळ फाइलमध्ये ११,४०० टाके होते. नक्षी ६० टक्क्यांवर आणली तरी टाके ११,४०० च राहिले. लांबी ०.६ पट, रुंदी ०.६ पट, म्हणून क्षेत्रफळ ०.३६ पट. म्हणजे तेवढ्याच जागेत पूर्वीच्या पावणेतीनपट टाके. दोन ओळींमधले ०.४ मिलिमीटर अंतर ०.२४ वर आले. मानेवरचे टाके मुळातच बारीक; ते तर अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली गेले. सुई त्याच त्या भोकात पुनःपुन्हा शिरली. धागा तुटला, सुई मोडली, कापड ताठरले. उलट नक्षी दीडपट मोठी केली असती तर अंतर ०.६ झाले असते आणि टाक्यांमधून कापड डोकावले असते. टाक्यांच्या फाइलचा आकार दहा टक्क्यांपेक्षा फारसा बदलू नये, हा कारागिरांचा नियम याच गणितातून आलेला आहे.

१८/
मग काही फाइली लहान-मोठ्या केल्या तरी बिघडत नाहीत, त्या कशा? १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील विलकॉम कंपनीने संगणकाच्या पडद्यावर नक्षी रचण्याची प्रणाली आणली. पुढे अशा प्रणालींत टाके साठवण्याऐवजी आकार साठवण्याची पद्धत रुळली: ही मान, इतकी दाट, या कोनात भरायची. आकार बदलला की, टाके नव्याने मोजले जातात. पंचरजवळ असते ती ही मूळ फाइल. विलकॉममध्ये तिला ईएमबी म्हणतात. गिऱ्हाइकाला मिळते ती त्यातून काढलेली टाक्यांची यादी. एक कणिक, दुसरी भाजलेली पोळी. पोळी ओढून मोठी करता येत नाही. आकार बदलायचा असेल तर पंचरकडेच जावे.

१९/
शेवटची तक्रार सर्वांत फसवी. भरणी एकीकडे, तिची कड दुसरीकडे, मध्ये कापडाची पांढरी रेघ. पडद्यावर सारे जुळलेले, कापडावर फाटलेले. येथे फाइलचे अंकगणित बरोबर असते. टाका कापडाला आपल्या दिशेने ओढतो, त्यामुळे भरलेला गोल किंचित अंडाकृती होतो. जाणता पंचर हे ओळखून भरणी थोडी रुंद ठेवतो आणि खाली विरळ टाक्यांचा पाया घालतो, ज्याला अंडरले म्हणतात. पण कॉटनसाठी केलेला हा अंदाज ताणल्या जाणाऱ्या होजियरीवर चुकतो. पँटोग्राफवाल्या कारागिराचा हात जे आपोआप सांभाळत असे, ते आता बकरमची निवड, फ्रेममध्ये कापड नीट ताणणे आणि पंचरला कापडाचे नाव आधीच कळवणे यांवर येऊन ठेपले आहे.

२०/
दोष फाइलचा की यंत्राचा, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. तेच डिझाइन टाकाऊ कापडावर दोनदा चालवावे आणि धागा तुटेल तेव्हा पडद्यावरचा टाक्याचा क्रमांक लिहून ठेवावा. दोन्ही वेळा त्याच जागी तुटला, तर दोष बहुधा फाइलमध्ये. वेगवेगळ्या जागी तुटला, तर सुई, धागा, बॉबिन आणि ताण तपासावा. नक्षी अर्ध्यातच संपली तर फाइल अपुरी कॉपी झालेली असू शकते. डीएसटीच्या शेवटी एक गमतीची खूण असते: ‘८१ वर जा’ आणि ‘८१ खाली जा’ ही दोन्ही छिद्रे एकाच ओळीत. ही अशक्य आज्ञा दिसली की, यंत्र समजते, काम संपले. ती खूणच गळाली असेल, तर मूळ ठिकाणाहून फाइल पुन्हा घ्यावी.

२१/
ताईंचे पुढे काय झाले? त्यांनी एका पंचरला फोन केला. त्याने तीन प्रश्न विचारले: कापड कोणते, मोर किती मोठा, धागा रेशमी की पॉलिएस्टर? दुसऱ्या दिवशी त्याच आकारासाठी नव्याने केलेली फाइल आली, टाके ५,२००. बाही नवी कापावी लागली, पण मोर लग्नाला पोहोचला आणि त्याची मान मऊ होती. त्या तीन प्रश्नांची उत्तरे फाइलच्या २४ छिद्रांत कुठेही मावत नाहीत. ती विचारणारा माणूस मात्र ‘एक डिझाइन पंच करायला एवढे पैसे कशाला?’ हे वाक्य रोज ऐकतो.

२२/
घरात हकोबाचे जुने कापड असेल तर आज ते उलटे करून पाहा. मागच्या बाजूला एक वेगळा, साधा धागा दिसेल. तो होडीसारख्या धोट्याने घातलेला. आणि आपल्यापैकी कोणाच्या घरी किंवा गावात भरतकामाची जुनी कागदी पट्टी पाहिली गेली असेल, पट्टीच्या काळात काम केलेले कोणी पंचर माहीत असतील, तर खाली जरूर लिहा. या उद्योगाच्या कंपन्यांचा इतिहास कुठे ना कुठे नोंदला गेला आहे. पंचरांचा इतिहास बहुतांशी त्यांच्या तोंडीच आहे.